कानबाईच्या रात्रीचं गाणं-वाजवणं: सुपारीपासून सोमवारच्या मिरवणुकीपर्यंत

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई ही देवी बसवतात आणि सोमवारी नदीवर तिची बोळवण करतात. दर श्रावणात तेच होतं. गल्लीत वर्गणी जमते, मंडप पडतो, ऑर्केस्ट्रावाले आठला येतो म्हणून नऊला येतात आणि साडेनवाला पहिलं गाणं सुरू होतं. दहा वाजून दहा मिनिटांनी पोलिसांची गाडी येते आणि माइक बंद. ज्या बाया संध्याकाळपासून पदर खोचून कानबाईची गाणी म्हणायला बसलेल्या असतात, त्यांची पाळी आलेलीच नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी बँड दोन तास उशिरा येतो, कारण त्याच सकाळी त्याने आणखी एक मिरवणूक घेतलेली असते.

गेली कित्येक वर्षं आमच्या कॉलनीत या गाण्या-वाजवण्याची व्यवस्था बघायचं काम माझ्याकडे आहे. वरच्यातली प्रत्येक चूक आमच्याकडे किमान एकदा झाली आहे. धुळे, अमळनेर, शिरपूर, पाचोरा, कुठूनही फोन आला की प्रश्न तेच असतात. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढतो आहे. घरगुती कानबाई असो की गल्लीची सार्वजनिक, टप्पे हेच राहतात, पसारा तेवढा कमी-जास्त होतो.

## टप्पा १: आधी घड्याळ मांडा, मग कलाकार ठरवा

बहुतेक जण उलट करतात. आधी पार्टी ठरते, मग तिच्या सोयीने रात्र आखली जाते. वेळेचं बंधन मात्र पार्टीच्या हातात नसतं, त्यामुळे सुरुवात वेळेपासूनच करायची.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचा भाग माहीत नसतो. नंतरच्या दुरुस्तीने वाद्यंही या बंदीत आली आहेत. म्हणजे "माइक बंद केला, आता डफ आणि ढोलकीवर चालू द्या" हे उघड्या मंडपात दहानंतर चालत नाही. बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू जाईल इतपत गाणं चालतं. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. पण त्या दिवसांच्या यादीत कानबाईचा रविवार आहे असं धरून चालू नका. तुमच्या जिल्ह्याची यंदाची यादी पोलीस ठाण्यात विचारा.

हे पक्कं झालं की कागदावर रात्रीचे तीन तुकडे पाडा:

१. संध्याकाळी ६:३० ते ८: कानबाईची गाणी. गल्लीतल्या बाया, ढोलकी आणि टाळ, माइकवर.

२. रात्री ८ ते ९:४५: बाहेरून बोलावलेली पार्टी. अहिराणी गाणी, ऑर्केस्ट्रा, जे ठरलं असेल ते.

३. रात्री १० पासून पुढे: जागरण. समाजमंदिरात किंवा जिथे कानबाई बसली आहे त्या घरात, दारं लावून, फक्त गळा आणि टाळ्या.

बायांचा तुकडा पहिला का, हे मला दरवर्षी विचारलं जातं. पार्टीला गर्दी हवी असते, म्हणून ती मागे सरकते आणि मंडळ तिला मुख्य वेळ देतं. मग बायांच्या वाट्याला उरलेली वेळ येते, आणि ती बहुधा उरतच नाही. कानबाईची गाणी हा त्या रात्रीचा मुख्य भाग आहे. ती उजेडात, भरल्या मंडपात, तरण्या पोरी समोर बसलेल्या असताना झाली पाहिजेत. या एका मुद्द्यावर मी कधीच माघार घेत नाही.

तपासा: रोट (कानबाईचा नैवेद्य) आणि आरतीची वेळ घरातल्या मोठ्या बाईला विचारून याच कागदावर लिहा. आरतीच्या ऐन वेळी स्टेजवर गाणं चालू असण्याचा घोळ नेहमी इथूनच सुरू होतो.

## टप्पा २: सुपारी

नागपंचमीनंतरचा रविवार अख्ख्या खानदेशात एकाच दिवशी येतो. लग्नसराईत बँडच्या तारखा महिनाभर पसरलेल्या असतात. इथे मात्र जळगावपासून नंदुरबारपर्यंत सगळ्यांना तोच रविवार आणि तीच सोमवारची सकाळ हवी असते. म्हणून आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की सुपारीचं बोलायला लागा. आषाढ लागेपर्यंत थांबलात तर उरलेलं पथक मिळेल, आणि तेही दुसऱ्या गल्लीची मिरवणूक उरकून येणारं.

इसार देताना एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहून दोघांनी सह्या करायच्या. स्टँपपेपर लागत नाही, साधा फुलस्केप पुरतो.

- किती माणसं आणि कोणती वाद्यं. "बँड पार्टी" एवढंच लिहू नका. ट्रंपेट किती, ढोल-ताशे किती, बेंजो किंवा कॅसिओ आहे का, गाणारा कोण.
- पोचण्याची वेळ आणि वाजवायला सुरुवात करण्याची वेळ, दोन्ही वेगवेगळ्या लिहा. यात किमान एक तासाचं अंतर ठेवा.
- सोमवारी त्या सकाळी दुसरी सुपारी घेतली आहे का. घेतली असेल तर कुठे आणि कितीला.
- साउंड कोणाचा, जनरेटर कोणाचा, डिझेल कोणाचं.
- पावसाने कार्यक्रम अर्ध्यात थांबला तर किती पैसे.
- एकूण रक्कम, इसार, बाकी कधी द्यायची.

माणसांच्या आकड्यावर मी इतका अडतो त्याला कारण आहे. एका वर्षी सोळा जणांचं पथक ठरलं होतं, गाडीतून अकरा उतरले. उरलेले पाच दुसऱ्या गावी पाठवले होते. आमच्याकडे कागद नव्हता, त्यामुळे पैसे पुरे सोळांचे गेले. तोंडी बोलण्यात "पूर्ण पार्टी" हा शब्द होता, आणि पूर्ण म्हणजे किती हे त्यांनीच ठरवलं.

सुपारी देण्याआधी त्या पार्टीला एकदा प्रत्यक्ष ऐका. मोबाइलवरचा व्हिडिओ पुरत नाही. वैशाख-ज्येष्ठात लग्नं चालूच असतात, एखाद्या वरातीत जाऊन उभे राहा. वादन कसं आहे ते पाच मिनिटांत कळतं. खरं बघायचं ते पुढे: समोर नाचणारी पोरं अंगावर आली की बँडमास्तर काय करतो, आणि बायांचा घोळका पुढे आला की आवाज कमी करतो का. सोमवारी याच्याशीच गाठ आहे.

सावधान: ठरलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त इसार देऊ नका. सगळे पैसे आधी हातात पडले की सोमवारची वेळ पाळायचं कारण उरत नाही.

## टप्पा ३: गाणाऱ्या बायांची जमवाजमव

इथेच सर्वांत जास्त वेळ द्या. मंडळं इथेच सर्वांत कमी देतात.

कानबाईची गाणी येणाऱ्या बाया गल्लीत असतात, पण त्या आपणहून पुढे येत नाहीत. घरोघरी जाऊन विचारावं लागतं. विचारायला पोरांना पाठवू नका, सूनबाई किंवा लेक पाठवा. "आक्का, तुम्हाला कोणती गाणी येतात?" असं विचारलं की उत्तर "काही नाही गं" असंच येतं. "तुमच्या माहेरी कानबाई आणताना काय म्हणायचे?" असं विचारलं की चुलीपुढे बसल्या-बसल्या चार ओळी निघतात. मग थांबवत नाही कोणी.

नागपंचमीच्या आधीच्या दोन आठवड्यांत चार दुपारी सराव ठेवा. दुपारी २ ते ४ बरी, स्वयंपाक आवरलेला असतो. सरावात एवढंच ठरवायचं:

पुढे कोण म्हणणार आणि झील कोण धरणार, म्हणजे मागून साथीने ओळ कोण म्हणणार. पुढे म्हणणाऱ्या दोन ठेवा, म्हणजे एकीचा गळा बसला तर दुसरी आहे. झील धरायला सहा ते आठ जणी. त्याहून जास्त झाल्या तर शब्द ओढले जातात आणि लय पडते.

गाण्यांचा क्रम. आणण्याची, बसवण्याची, रात्रीची आणि बोळवणीची गाणी वेगळी असतात. बोळवणीचं गाणं रविवारी रात्री म्हणायला मोठ्या बाया नकार देतात, आणि त्यांचं ऐकायचं. कोणतं गाणं केव्हा, हे त्यांनाच विचारून वहीत लिहा.

पट्टी. इथे हमखास घोळ होतो. बाया पेटीला विचारून गात नाहीत. ज्या सुरात पहिली ओळ येते, तोच सूर. दोन-चार कडव्यांनंतर तो हळूहळू चढतोही. अशा गाण्यामागे कॅसिओ लावला की तिसऱ्या कडव्यापर्यंत दोघांची ताटातूट होते. मग कॅसिओवाला आवाज वाढवतो आणि बाया गप्प होतात. हे मी स्वतः उभं राहून पाहिलं आहे: सत्तरीची म्हातारी, डोळे मिटून चांगली म्हणत होती, मागून ढँग करून कॉर्ड वाजली आणि तिने पदर तोंडाला लावला तो काढलाच नाही.

म्हणून बायांच्या गाण्याला कॅसिओ नको. एक ढोलकी, एक टाळाची जोडी, बस्स. ढोलकीवाला सरावाला किमान दोनदा आलाच पाहिजे. त्याला सांगा, लय तू धरायची नाही, बायांची धरायची. लावणीचा ठेका सवयीचा असलेला वादक इथे घाई करतो. त्याला सुरुवातीला नुसत्या टाळ्यांवर ऐकत बसवा.

पेटी हवीच असा आग्रह असेल तर वादकाला नुसता आधारस्वर धरायला लावा, आणि प्रत्येक गाण्याआधी पहिली ओळ ऐकून मगच बोट ठेवायला सांगा.

तपासा: शेवटच्या सरावाला सगळ्या जणी एका दमात किती वेळ गातात ते घड्याळावर बघा. आमच्याकडे साधारण ५० मिनिटांनी गळे दमतात. दीड तासाच्या तुकड्यात मध्ये १५ मिनिटं फुगड्यांना ठेवली की दम मिळतो आणि मंडपही हलता राहतो.

## टप्पा ४: परवानग्या

कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज द्या. पोलीस ठाण्यात दोन गोष्टींचा: लाउडस्पीकरचा, आणि सोमवारच्या मिरवणुकीचा मार्ग-वेळेसह. रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर मंडप असेल तर नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते. अर्जाची दुसरी प्रत शिक्का मारून घ्या आणि रविवारी ती खिशात ठेवा, घरात नको.

रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असेल तर मंडप दुसऱ्या टोकाला न्या. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. लाउडस्पीकर असलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी गल्लीत दिवसा ६५. जवळून वाजलेली ढोलकी एकटीच याच्या वर जाते. तेव्हा भिंतीएवढे बेस लावून नियमात राहता येईल ही आशा सोडा आणि साउंडवाल्याला लहान संच सांगा.

गाण्यांच्या हक्कांबद्दलही विचारणा होते. खऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणं-वाजवणं हे कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे उल्लंघन ठरत नाही. तिकीट लावून किंवा प्रायोजक घेऊन सिनेगीतांचा ऑर्केस्ट्रा ठेवला तर ही सवलत धरून बसू नका, आधी परवाना घ्या.

## टप्पा ५: जागा, वीज आणि पाऊस

श्रावण आहे. पाऊस येणारच असं धरून मांडणी करा.

स्टेज जमिनीपासून किमान दीड फूट वर घ्या आणि वर ताडपत्रीला उतार द्या. सपाट ताडपत्रीत पाणी साठून पोट धरतं आणि मग ते एकदम मिक्सरवर येतं. मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि एक्स्टेंशन बोर्ड कधीही जमिनीवर ठेवू नका. लाकडी टेबल घ्या, आणि वर टाकायला मोठं प्लास्टिक घडी घालून तिथेच ठेवा.

विजेचा हिशेब आधी करा. लहान साउंडचा संच साधारण २००० वॉट धरा, कॅसिओ-मिक्सरचे २००, एलईडी दिव्यांचे ६००. बेरीज २८०० वॉट. ५ केव्हीएच्या जनरेटरवर प्रत्यक्षात ४००० वॉटच्या आसपास मिळतात, म्हणजे हे आरामात बसतं. हाच भार कोणाच्या घरातल्या एका प्लगवरून घेतलात तर १६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा साडेतीन हजारांच्या पुढे जरा आहे, आणि त्याच घरात फ्रीज-मोटर चालू असते. एका गाण्यात फ्यूज जातो. मोठा मंडप असेल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या. तारेवर आकडा टाकणं हा गुन्हा आहे, आणि ओल्या मंडपात तो जीवही घेतो.

दिव्यांची आणि साउंडची लाइन वेगळी ठेवा. चमकणारे दिवे त्याच लाइनवर असले की स्पीकरमधून घरघर येते.

सावधान: जोडणीच्या सुरुवातीलाच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा खटका) बसवून घ्या आणि त्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा. खटका पडला पाहिजे. अर्थिंग नसलेल्या जनरेटरवर ओल्या पायांनी लोखंडी माइक धरलेल्या बाईला झटका बसतो. इलेक्ट्रिशियन "काही होत नाही" म्हणाला तरी हे सोडू नका.

चामड्याची वाद्यं दमट हवेत उतरतात. डफ आणि संबळ भदभद वाजायला लागतात, ढोलकीची शाई बोलत नाही. वादकांना बसायला कोरडी बंद खोली द्या आणि डफ शेकायला एक शेगडी, मंडपाच्या कापडापासून लांब. चढवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, ती कार्यक्रमपत्रिकेत धरा. फायबरच्या पानाचा डफ ओलसर हवेत उतरत नाही, पण त्याचा आवाज पातळ असतो. पावसाचा रंग दिसला तर मिरवणुकीसाठी तोही जवळ असू द्या.

## टप्पा ६: आवाज तपासणी

रविवारी दुपारी ४ ला. संध्याकाळी माणसं जमल्यावर "हॅलो माइक टेस्टिंग" म्हणजे तपासणी नाही.

१. स्पीकर स्टेजच्या पुढच्या कडेच्याही पुढे ठेवा, तोंड श्रोत्यांकडे. माइक स्पीकरच्या रेषेच्या मागेच राहिला पाहिजे. कुईऽऽ असा आवाज निघण्याचं पहिलं कारण हेच असतं.

२. आधी एकच माइक उघडा. आवाज हळूहळू वाढवत न्या, कुई सुरू होईल तिथून बराच मागे या. तीच त्या माइकची हद्द. मग दुसरा.

३. बायांसाठी तीन माइक पुरतात. एक पुढे म्हणणारीला, दोन झील धरणाऱ्यांच्या अर्धवर्तुळात. सगळे स्टँडवर. हातात कॉर्डलेस दिला की दोन गोष्टी होतात: तो मैत्रिणीकडे जातो, आणि हातातल्या बांगड्या माइकच्या दांड्यावर आपटून प्रत्येक शब्दामागे किणकिण येते. आम्ही एक वर्ष ती किणकिण मिक्सरवर शोधत बसलो होतो.

४. तोंड आणि माइक यात एक वीत अंतर. बाया लाजून मागे सरकतात, म्हणून पाट किंवा सतरंजीवर खडूने खूण करा आणि तिथे बसवा.

५. ढोलकीचा माइक सगळ्यांत शेवटी उघडा. बऱ्याचदा त्याची गरजही पडत नाही.

६. एक माणूस मंडपाच्या शेवटच्या रांगेत उभा करा. "मांगे आयकू येस का?" एवढं विचारून भागत नाही. शब्द कळतात का, ते विचारा. त्याला शेवटची ओळ म्हणून दाखवायला सांगा. नाही म्हणता आली तर बेस कमी करा आणि मधला सूर थोडा वर घ्या. आवाज वाढवू नका.

तपासा: तपासणी झाली की मिक्सरच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा. पार्टीचा साउंडवाला आला की तो सगळं हलवतो. आरतीच्या वेळी फोटो बघून पुन्हा लावता येतं.

## टप्पा ७: रविवारची रात्र

घड्याळ बघायला एक माणूस वेगळा नेमा. सूत्रसंचालन करणाराच हे काम करतो म्हणाला तर नको म्हणा, त्याला बोलायच्या भरात वेळ कळत नाही. घड्याळवाला स्टेजच्या बाजूला उभा राहतो आणि दहा मिनिटं, पाच मिनिटं अशा पाट्या दाखवतो. पार्टीचं शेवटचं गाणं ९:३५ ला सुरू व्हायला हवं. ९:४५ ला आभार, ९:५५ ला मेन स्विच बंद. दहाच्या ठोक्याला गाणं मध्येच तोडायची वेळ आली तर पोरं अंगावर येतात, आणि मग पोलिसांशी बोलणारा माणूस सापडत नाही.

फर्माईश चिठ्ठीवर घ्या. नोट घेऊन स्टेजवर चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव पुकारत बसलं तर एका गाण्यामागे चार मिनिटं जातात. बक्षिसीसाठी एक ताट ठेवा, नावं शेवटी एकदम वाचा.

जेवणाचं आधीच बघा. अनेक घरांत रोटांचा प्रसाद भाऊबंदांपुरताच असतो, बाहेरच्यांना देत नाहीत. वाजंत्री बिचारे दारात ताटकळतात आणि यजमानाला सांगायला संकोच वाटतो. त्यांच्यासाठी साधी भाजी-पोळी वेगळ्या घरी करून ठेवा, साडेसातच्या आत वाढा. उपाशी माणूस मनापासून वाजवत नाही, आणि तो आपल्या गल्लीत पाहुणा आहे.

दहानंतर माणसं समाजमंदिरात हलवायची. हा पाच मिनिटांचा बदलच अवघड असतो, कारण दिवे विझले की लोक घरी निघतात. उपाय सोपा आहे. पुढे म्हणणारीने मंडपातच शेवटची ओळ धरायची आणि ती म्हणतच आत चालायचं, बाकीच्यांनी झील धरत मागे. गाणं तुटत नाही, लोकही पांगत नाहीत. आत ढोलकी नको, टाळ्या आणि फुगडी. रात्री दोनच्या सुमारास म्हाताऱ्या बाया अशी गाणी काढतात की जी माइकवर कधीच निघत नाहीत. कोणाला नोंदवून ठेवायचं असेल तर त्यांना विचारून, फोन पाटावर पालथा ठेवून. तोंडापुढे फोन धरला की गाणं थांबतं.

## टप्पा ८: सोमवारची मिरवणूक

शनिवारी मार्ग पायी चालून बघा. तीन गोष्टी शोधायच्या: खाली लोंबणाऱ्या तारा, खड्डे, आणि बँडची गाडी वळणार नाही असे कोपरे. गाडीची सजावटीसह उंची टेपने मोजून घ्या.

सावधान: तार खाली आहे म्हणून बांबूने वर उचलून गाडी काढायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. ओला बांबू वीज वाहतो. गाडीचा मार्ग बदला, किंवा महावितरणच्या माणसाला आधी बोलवा.

क्रम असा ठेवा: सर्वांत पुढे बँडची गाडी आणि पथक, मग वीसेक पावलं मोकळी जागा, मग फुगड्या खेळणाऱ्या बाया, आणि त्यांच्या मागे डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया. तरणी पोरं बँडच्या पुढे नाचतील, बँड आणि बाया यांच्यामध्ये नाही. या मोकळ्या जागेसाठी दोरी धरून चार जण नेमा. जनरेटरचा धूर बायांच्या तोंडावर येतो, म्हणून तो गाडीच्या पुढच्या अंगाला बसवायला आदल्या रात्रीच सांगा.

फुगडीला लय लागते. बँड सिनेगीत वाजवत असेल तर फुगडी मोडते. मास्तरशी ठरवा: प्रत्येक चौकात थांबल्यावर बँड पूर्ण बंद, पाच मिनिटं बायांचं गाणं, मग मास्तरला हात दाखवला की पुन्हा सुरू. हात कोणी दाखवायचा ते एकच माणूस ठरलेला असावा. दहा जण हात दाखवतात तेव्हा मास्तर कोणाचंच ऐकत नाही.

सकाळी ६ च्या आधी वाजवू नका, आणि पथकाला पाच वाजताच उठवा. डफ शेकायला, चहा प्यायला तेवढा वेळ जातोच.

नदीवर तापी असो, गिरणा, पांझरा की बोरी, श्रावणात काठ निसरडा असतो. वरच्या धरणातून पाणी सुटलं की पात्र बघता बघता भरतं. रविवारी संध्याकाळीच तलाठी किंवा पोलीस पाटलांकडे विसर्गाची चौकशी करा. बँड उताराच्या वरच थांबवा. बाया पाण्याजवळ जातील तेव्हा वादन बंद, म्हणजे काठावरून दिलेली हाक ऐकू येते. आमच्याकडे हा नियम एका सकाळी एक पोरगी घसरली त्यानंतर झाला. तिची आई हाका मारत होती आणि ताशात त्या कोणालाच ऐकू गेल्या नाहीत. सुदैवाने जवळच्या माणसाने हात धरला.

बोळवणीचं गाणं या शांततेत होतं.

## टप्पा ९: हिशेब

बाकी रक्कम नदीवरून परतल्याबरोबर, माणसं मोजून, कागदासमोर बसून द्या. "संध्याकाळी या" म्हणू नका, त्यांना पुढच्या गावी जायचं असतं. ढोलकीवाल्याला सरावाच्या दोन दुपारचे वेगळे पैसे द्या, ते सुपारीत धरलेले नसतात. गाणाऱ्या बायांना साडी-चोळी, किंवा मंडळाला परवडेल ते. पण द्यायचं ते मंडपात सगळ्यांसमोर, नाव घेऊन.

मंगळवारी गाण्यांची वही पुढे म्हणणाऱ्या आक्कांकडे घेऊन जा. रात्री नव्याने निघालेली गाणी त्यांच्याकडून सांगून घ्या आणि अहिराणी जशी ऐकू येते तशीच लिहा. वही मंडळाच्या पेटीत ठेवू नका, तिथे वाळवी लागते. त्यांच्याच घरी ठेवा.